रोज रविवारला: झाडीपट्टीचं पोस्टर कसं बोलतं

धान घरात आलं की भंडारा जिल्ह्यातल्या भिंती भरायला लागतात. साकोलीचा बसस्टँड, लाखनीत महामार्गालगतचा पानठेला, लाखांदूरच्या चौकातला विजेचा खांब, पवनीच्या बाजारातल्या बंद दुकानाचं शटर. मोकळी जागा दिसली की नाटकाचं पोस्टर चिकटलंच म्हणून समजा. भाऊबीजेपासून मंडया म्हणजे गावजत्रा सुरू होतात, पाठोपाठ शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती येतात, आणि दिवसा मंडई किंवा पट असला की रात्री नाटक हवंच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी इथली तीन अंकी नाटकं पुढे होळीपर्यंत गावोगाव फिरत राहतात.

त्यातलं एक पोस्टर समोर धरू. खरं कुठलं नको, नमुन्याचं. सगळ्यात वर मंडळाचं नाव आणि 'मंडई व शंकरपटानिमित्त'. त्याखाली कंपनीचं नाव, पुढे कंसात 'वडसा'. मधोमध नाटकाचं नाव, जाड अक्षरात, पिवळ्यावर लाल. त्याखाली 'अर्थात' आणि दुसरं नाव. भोवती दहा-बारा चेहरे: नायक, नायिका, खलनायक, विनोदी नट, लावणीची नर्तिका. मग 'दि. 12 जानेवारी, रोज रविवारला, रात्री ठीक 10 वाजता'. मग स्थळ. मग तिकिटाचे दर, खुर्ची वेगळी, गादी वेगळी. आणि तळाशी मुंग्यांच्या रांगेसारखी नावं: उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी.

कलाशाळेत शिकलेला माणूस हे बघून पहिला शब्द उच्चारतो तो 'गर्दी'. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. जागा मोकळी सोडा, नजरेला विसावा द्या, एका वेळी एकच गोष्ट सांगा, हे शिकवलेलं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण संज्ञापनशास्त्राची जुनी अवजारं घेऊन हेच पोस्टर खोलायला बसलं की कळतं, यातली बरीचशी गर्दी कामाला लागलेली आहे. काही मात्र खरोखरच फुकट जागा खाते. कोणती कुठली, ते सावकाश पाहू.

हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकी अभ्यासकाने 1948 साली कुठलाही संदेश तपासायला पाच प्रश्न दिले: कोण बोलतंय, काय बोलतंय, कोणत्या वाटेनं, कोणाशी, आणि त्यातून घडतंय काय. पहिलाच प्रश्न आपल्या पोस्टरला विचारला तर अडखळायला होतं. बोलतंय कोण? वरवर पाहता नाटक कंपनी. या कंपन्यांचं ठाणं वडसा म्हणजे देसाईगंजला, गडचिरोली जिल्ह्यात. पण कंपनीचा सौदा गावच्या मंडळाशी झालेला असतो. ठरलेली रक्कम मंडळ कंपनीला देतं आणि तिकिटांचा गल्ला मंडळाचा. गल्ला भरला तर देवळाचं, शाळेचं किंवा गावाचं काहीतरी काम होतं, नाही भरला तर खड्डा मंडळाच्याच खिशाला. म्हणजे जोखीम गावाची, आणि ज्याची जोखीम तोच खरा बोलणारा. म्हणूनच मंडळाचं नाव नाटकाच्याही वर बसतं. शहरातल्या जाहिरातवाल्याला ही चूक वाटते, कारण त्याच्या मते विकायचं आहे ते नाटक. मंडळाच्या दृष्टीने मात्र बोलावणं गावाचं आहे, नाटक हे त्याचं निमित्त.

त्या निमित्ताच्या ओळीलाही इतिहास आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. महाराष्ट्रात त्यांना पुन्हा वाट मिळाली ती डिसेंबर 2021 मध्ये, आणि घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं 18 मे 2023 ला. 'शंकरपटानिमित्त' या एका शब्दामागे एवढं सगळं उभं आहे. पट बघायला आलेला पाहुणा रात्रीही थांबणार, हा हिशेब त्या शब्दात आहे.

आता मुख्य अवजार. त्याच 1948 साली बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत क्लॉड शॅनन या गणितज्ञाने एक लांब निबंध छापला. त्याची अडचण अगदी व्यवहारातली होती: तारेत खरखर असते, तरी पलीकडच्याला बोलणं नीट पोचवायचं कसं? त्याने चित्र मांडलं ते असं. एक उगम, संदेशाला वाहून नेण्याजोगं रूप देणारं यंत्र, एक वाट, त्या वाटेत शिरणारा गोंगाट, आणि पलीकडे तो संदेश उलगडून घेणारा. गोंगाट म्हणजे फक्त आवाज नव्हे. संदेश बिघडवणारं जे जे वाटेत भेटतं ते सगळं गोंगाटच.

पोस्टरच्या वाटेत काय काय भेटतं? पहिला वेग. मोटारसायकल ताशी 40 किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला अकरा मीटर रस्ता मागे पडतो. फलक करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे चार इंची अक्षरातलं नाटकाचं नाव चाळीस फुटांवरून, अर्थात बारा मीटरवरून वाचता येईल. गाडीवरच्या माणसाच्या वाट्याला आला जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात नाव आणि एखादा चेहरा डोळ्यात शिरतो, बाकी काही नाही. देवनागरीत जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार अशी तीन मजली बांधणी असते. तिला रोमन अक्षरापेक्षा उंची जास्त लागते आणि ओळींत अंतरही जास्त ठेवावं लागतं. हे विसरून ओळी दाटून बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो.

मग तळाच्या त्या मुंगीएवढ्या नावांचं काय? ती गाडीवरच्या माणसासाठी नाहीतच. ती आहेत पानठेल्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून हातात येईपर्यंत चांगला वेळ जातो, आणि त्या वेळात समोरच्या भिंतीवरचं अक्षर न् अक्षर वाचून होतं. एका कागदावर खरं म्हणजे दोन पोस्टरं आहेत. एक चाळीस फुटांवरचं, एका सेकंदाचं. दुसरं दोन फुटांवरचं, पाच मिनिटांचं. गर्दीची तक्रार करणारा दुसऱ्याला पहिल्याच्या मापाने मोजत असतो.

दुसरा गोंगाट उन्हाचा. छपाईच्या चार शाईंपैकी गुलाबी-किरमिजी आणि पिवळी आधी उडतात, निळी आणि काळी टिकतात. महिनाभर दक्षिणेकडच्या भिंतीवर असलेलं पोस्टर म्हणूनच निळसर दिसतं, आणि जी अक्षरं पिवळ्यावर लाल म्हणून सगळ्यात उठून दिसायची तीच सगळ्यात आधी विरतात. तारीख-वेळ काळ्या अक्षरात ठेवण्याचं कारण हे. रंग नाटकाच्या नावाला द्यावा, काळा तारखेला.

गोंगाटावर शॅननचं औषध आहे पुनरुक्ती. भाषेत गरजेपेक्षा जास्त मजकूर असतो आणि तोच तिला वाचवतो, असं तो म्हणतो. इंग्रजीतला सुमारे निम्मा भाग असा जादाचा आहे, असा त्याचा अंदाज होता. मराठीत प्रयोग करून पाहा. 'नटक रत्र दह वजत सर हईल.' काना, मात्रा, वेलांट्या जवळपास सगळ्या काढून टाकल्या, तरी वाचता आलं ना? मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता आणि तरी तीत शेकडो वर्षं दप्तरं लिहिली गेली, वाचली गेली. वाचणारा उरलेलं स्वतः भरतो.

आपल्या पोस्टरमधली सगळ्यात हुशार पुनरुक्ती मात्र दिसायला अगदी साधी आहे: 'दि. 12 जानेवारी, रोज रविवारला'. तारीख दिली की वार कळतोच. मग तो पुन्हा कशाला? समजा छापखान्यात चुकून 12 चा 13 झाला. नुसती तारीख असती तर माणसं सोमवारी येऊन रिकाम्या मांडवासमोर उभी राहिली असती. 'रोज रविवारला' असल्यामुळे वाचणारा थबकतो: तेराला तर सोमवार आहे, काहीतरी घोळ आहे. तो विचारतो आणि चूक पकडली जाते. शॅननच्याच प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंगने 1950 मध्ये यंत्रांसाठी चूक ओळखणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या संकेतांचं गणित मांडलं. त्याचा मूळ विचार हाच: संदेशासोबत थोडा असा मजकूर जोडा, की संदेश बिघडला तर दोघांचं जुळणार नाही. विदर्भात अशी पोस्टरं आणि लग्नपत्रिका लिहिणाऱ्यांनी हॅमिंगचं नाव ऐकलं नसेल, पण 'रोज रविवारला' लिहायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

पण याच शॅननच्या विचाराची दुसरी बाजूही आहे आणि ती पोस्टरला लागते. त्याच्या लेखी माहिती म्हणजे आश्चर्य. जे येणार याची आधीच खात्री आहे, ते आलं तर नवीन काहीच कळलं नाही. आता 'सुपरहिट', 'तुफान विनोदी', 'काळजाचा ठाव घेणारं', 'सुप्रसिद्ध' हे शब्द घ्या. ते प्रत्येक पोस्टरवर असतात, म्हणून एकाही पोस्टरवर काही सांगत नाहीत. हे शब्द उडवले तर कुणाला उणीव जाणवणार नाही आणि तारखेला दोन इंच जागा मिळेल. याच्या उलट नटाचं नाव. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. इथल्या प्रेक्षकाला त्यांच्या नावाआधी विशेषण लागत नाही. अमुक नट असणार की नसणार, हे आधीपासून माहीत नसतं, म्हणून नावात माहिती आहे. विशेषणात नाही.

आता तळाच्या नावांकडे पुन्हा येऊ, कारण माझ्या मते पोस्टरचं खरं इंजिन तिथे आहे. पॉल लाझर्सफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1940 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी ओहायो राज्यातल्या ईरी परगण्यात महिनोन्महिने लोकांच्या मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वर्तमानपत्रं थेट लोकांची मतं फिरवतात, अशी समजूत होती. 1944 साली पुस्तक आलं तेव्हा चित्र निराळं निघालं. छापलेलं आणि ऐकवलेलं आधी मोजक्या माणसांपर्यंत पोचतं आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांपर्यंत. दोन टप्प्यांची ही वाट.

पोस्टरवर ज्याचं नाव 'सहउद्घाटक' म्हणून छापलं, तो बाजूच्या गावचा माजी सरपंच, सोसायटीचा संचालक किंवा राईसमिलवाला असतो. नाव छापल्यावर तो प्रेक्षक राहत नाही, वाट होतो. पोस्टर तो स्वतः दाखवतो, मोबाइलवर पाठवतो, चार माणसं घेऊन येतो. मंडळाने त्याला मान दिला, त्याने मंडळाला गावं जोडून दिली. तीस नावं म्हणजे तीस भोंगे, आणि त्यांचं भाडं एका ओळीच्या जागेत फिटतं. हा मजकूर प्रेक्षकाला उद्देशून नाहीच. ज्यांची नावं आहेत त्यांनाच उद्देशून आहे. डिझायनरने 'ही नावं काढा' म्हटलं की मंडळाचा सचिव हसतो ते यासाठी.

एवढं खरं, तरी फ्लेक्स आल्यापासून तोल गेलाय. पूर्वी पेंटर एकेक अक्षर ब्रशने काढायचा, छापखान्यात ब्लॉक करावा लागायचा. जास्तीचा चेहरा म्हणजे जास्तीचा खर्च. आता संगणकावर आणखी एक फोटो बसवायला काही पडत नाही. त्यामुळे चेहरे वाढले, सगळे एका मापाचे झाले, आणि मान घटला. तिसांत नाव असण्यात मिरवणं होतं, नव्वदांत असण्यात कसलं? शेवटी नाटकाची नायिका आणि दीपप्रज्वलक एकाच आकारात शेजारी बसतात, आणि लांबून कुणाला कळत नाही की यातलं नाचणार कोण.

भोंग्याची गाडी ही तिसरी वाट. मांडवाच्या दोन-तीन दिवस आधी ती आसपासच्या गावांत फिरते. कागदावर आणि भोंग्यावर भाषा एकच: सजवलेली, नाटकी, प्रमाण मराठी. घराच्या ओसरीवर मात्र बोलावणं झाडीबोलीत जातं. तिथे 'ळ' आणि 'ण' गळतात, नपुंसकलिंगाचं फारसं कुणाला पडलेलं नसतं, आणि 'आमच्या गावात नाटक आये, याल जी' एवढ्यावर काम होतं. या बोलीचा अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर केला. विल्बर श्रॅमने 1954 च्या सुमारास मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. बोलणाऱ्याचं अनुभवविश्व आणि ऐकणाऱ्याचं अनुभवविश्व ही दोन वर्तुळं, आणि ती जिथे एकमेकांवर येतात तेवढाच संदेश पोचतो. पोस्टरचं वर्तुळ मोठं असतं, पण एकमेकांवर आलेला भाग पातळ. बहिणीने भावजयीला फोनवर सांगितलेल्या वाक्याचं वर्तुळ लहान, पण ते जवळजवळ पूर्ण झाकलं जातं. नाटकाच्या रात्री घरोघरी पाहुणे असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, स्थळांच्या गोष्टी निघतात. हे सगळे पोस्टर वाचून आलेले नसतात. त्यांना आधीच माहीत असतं. भिंतीवरचं पोस्टर त्यांना फक्त खात्री देतं, की हो, ठरलंय.

मग नाटकाचं नाव. इथे 'अर्थात' या शब्दाची गंमत आहे. समजा नाटकाचं नाव 'काकण'. शेजारी डोळे पुसणारी बाई, मागे तलवारीसारख्या मिशा असलेला माणूस. एवढ्यावरून काय समजायचं? लग्नाची गोष्ट? वैधव्याची? दरोड्याची? चित्र एका वेळी बरंच काही सांगतं, ही त्याची ताकद आणि हीच अडचण. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने 1964 मध्ये पान्झानी नावाच्या शेवयांच्या एका जाहिरातीवर निबंध लिहिला. बाजाराच्या जाळीच्या पिशवीतून बाहेर पडणारी शेवयांची पाकिटं, टोमॅटो, कांदा, मिरची. त्यात त्याने दाखवलं, की चित्राच्या अनेक अर्थांपैकी हवा तो धरून ठेवायला शब्द जहाजाच्या नांगराचं काम करतात. झाडीपट्टीत हा नांगर 'अर्थात' या नावाने छापलेलाच असतो. 'काकण अर्थात सावत्र आईची माया' म्हटलं की मिशावाला मागे सरकतो, डोळे पुसणारी बाई पुढे येते, आणि घरातल्या बायकांना कळतं की रुमाल लागणार.

त्याच पोस्टरवर लावणीची नर्तिकाही असते, आणि इथे वाचणारे वेगळे होतात. स्टुअर्ट हॉलने 1973 मध्ये सांगितलं, की संदेश भरणारा एक अर्थ भरतो, पण उघडणारा आपल्या जागेवरून उघडतो. तरुण पोरगा नर्तिकेचा फोटो बघून येतो. आई 'सावत्र आईची माया' वाचून येते. म्हातारा कंपनीचं नाव बघून येतो, कारण त्याने त्यांचं संगीत ऐकलेलं असतं. तिघं एकाच बैलबंडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येणार असतील तर पोस्टरने तिघांशीही बोलायला हवं, आणि एकाशी बोलताना दुसऱ्याला बिचकवू नये. नुसत्या नाचाचे 'हंगामा' कार्यक्रम ज्या गावांत होतात तिथे ही अडचण नसते, तिथलं पोस्टर एकाच माणसाशी बोलतं. नाटकाला घर हवं असतं. म्हणून नर्तिका कोपऱ्यात पण रंगीत, आई मध्यभागी पण गंभीर. हा तोल जमलेलं पोस्टर मला कुठल्याही गुळगुळीत जाहिरातीपेक्षा अवघड कारागिरीचं वाटतं.

तुलनेसाठी त्याच भिंतीवरची सरकारी खूण आठवा. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण देशभर रंगवला गेला. त्रिकोणाचा आणि लेकरांचा स्वतःहून काही संबंध नाही. तो संबंध वर्षानुवर्षं सांगून, आईबाप आणि दोन मुलांचे चेहरे शेजारी ठेवून लावावा लागला. एकदा लागल्यावर मात्र निरक्षर माणसालाही दवाखाना ओळखता आला. तिथे साधेपणा परवडला, कारण हाताशी वर्षं होती. नाटकाच्या पोस्टरला पंधरा दिवस मिळतात. नवी खूण शिकवायला तेवढ्यात वेळ नाही, म्हणून ते ओळखीच्याच गोष्टी एकावर एक रचतं.

मंडळातल्या कुणी मला विचारलंच तर सांगेन ते एवढंच. वरून चौथ्या ओळीपर्यंत काय दिसतं ते रस्त्याच्या पलीकडे उभं राहून, डोळे बारीक करून पाहा. नाव, वार, गाव दिसलं तर पुरे. विशेषणं काढा. चेहऱ्यांचे तीन आकार ठेवा, एकच नको. नावं तळाशी हवी तेवढी घाला, पण तारखेच्या अंगावर चढू देऊ नका. आणि पक्कं करायच्या आधी ते अशा माणसाला वाचायला द्या, ज्याला नाटक कधी आहे हे माहीत नाही. छापखान्यात असा माणूस सापडत नाही, कारण तिथे जमलेल्या प्रत्येकाला ते आधीच पाठ असतं.

हंगाम संपल्यावर कागदाची पोस्टरं विरतात, फ्लेक्स मात्र उरतो. तो उतरवून लोक घरी नेतात आणि पुढच्या वर्षी अवकाळी पावसात धानाच्या पुंजण्यावर टाकतात. खलनायक उलटा, मिशा आभाळाकडे, त्याखाली ठळक अक्षरात 'दि. 12 जानेवारी, रोज रविवारला'. सालाचा आकडा दोरीच्या गाठीखाली गेलेला. बांधावरून जाणारा वाचतो आणि पुढे जातो, मांडव शोधायला कुणी निघत नाही. पोस्टर 2025 चं होतं. 2026 मध्ये 12 जानेवारीला सोमवार येतो.